गवराबाईचं कांद्याचं बी

म्हातारपणी माणसानं स्वस्थ बसावं, आयतं खावं, देवाचं नाव घ्यावं, असं सांगणारे शहाणे फार झालेत. त्यातल्या एकेकाला गवराबाईच्या शेजारी चाळीच्या उंबऱ्यावर बसवायचं माझ्या मनात होतं. दिवसभर, हात मांडीवर ठेवून. आणि संध्याकाळी विचारायचं, काय राव, कसं वाटलं? ते राहून गेलं. म्हणून निदान लिहून ठेवतो.

पिंपरीच्या शिवारात कारखान्यासाठी जमिनी गेल्या, त्या साली माझी तिची गाठ पडली. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एका माणसाला कामावर घेतलंच पाहिजे, एवढी आमच्या संघटनेची मागणी होती आणि त्यासाठी आम्ही घरोघर फिरत होतो. गवराबाईची वस्ती रानातच होती, विहिरीला लागून. नवरा मालोजी मागंच वारलेला. मुलगा ज्योतीराम, सून शकू. मी ज्योतीरामाला मोर्चाचं समजावत होतो तोवर म्हातारी शेणानं भरलेले हात तसेच धरून पुढं आली.

"कामाचं त्या जोत्याला सांग. माझं काय?"

"तुझं काय, मावशी?"

"कुंपनाच्या आत माझं डेंगळं उभं हाईत. तेवढं निघूस्तवर थांबा म्हनावं. मग घाला तुमी तारा."

माझ्याबरोबरचे दोघं हसले. मला आधी कळलंच नाही ही बाई काय मागतेय. मी गिरणगावातल्या गल्लीत वाढलेला माणूस, कांदा मला ताटात ठाऊक. मग तिनं मला बांधावर नेऊन दाखवलं. खायचा कांदा वेगळा आणि बियाचा वेगळा. बियासाठी आधीच्या सालचा भरलेला, गोल कांदा निवडून कार्तिकात परत जमिनीत लावायचा. त्याला पोकळ दांडे येतात, ते डेंगळे. दांड्याच्या टोकाला टोपीत मिटलेला गोंडा. टोपी उघडली की पांढरी फुलं, फुलांवर माश्या, आणि चैत्रात त्याच गोंड्यात काळं बी. आणि हे बी ज्वारी-बाजरीसारखं कणगीत पडून राहत नाही. एक साल जगतं. पुढच्या सालाला पेरलं तर उगवत नाही. म्हणजे दरसाल लावायचं आणि दरसाल काढायचं. एक साल चुकलं की घराण्याचं बी संपलं.

तिच्या घरचं बी आसपासच्या गावांत नाव काढलेलं होतं. कांदा लाल, टिकाऊ, आषाढापर्यंत मोड येत नाही असा. आश्विनात लोक गाडगी घेऊन यायचे. बी विकायचं नाही, मोजायचंही नाही. गवराबाई मुठीनं गाडगं भरायची आणि कांदा निघाला की घेणारा पहिली दुरडी तिच्या दारात आणून ओतायचा. हे सगळं तिच्या सासूनं तिच्या ओटीत घातलेलं. तीच रीत होती. बी सासूकडून सुनेच्या ओटीत जायचं. गोंड्याची टोपी उघडायच्या आत सुनेनं पदर पसरून "घेते" म्हणायचं. घेणारी नसेल तर ते फुलू द्यायचं नाही. लेकीला द्यायचं नाही. लेक दुसऱ्याच्या शिवारात जाते, तिच्यामागं बी गेलं तर घरात काय उरलं?

मंजुळा, तिची थोरली लेक, चाकणच्या पुढं दिलेली. पहिल्या दिवाळसणाला तिनं आईकडं मूठभर बी मागितलं होतं. गवराबाईनं दिलं नाही. लेक डोळे पुसत सासरी गेली. त्या गोष्टीला वर्षं लोटली, पण माय-लेकी त्यानंतर मोकळ्या बोलल्या नाहीत, असं ज्योतीराम सांगायचा.

तर ते डेंगळे. मी ठेकेदाराच्या माणसाशी भांडलो. तो म्हणाला, "फुलांसाठी काम थांबवू?" मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहिता येणार नाही. ट्रक आत गेले ते गेलेच. फुलावर आलेला बियाचा तुकडा चाकाखाली गेला. खायचा कांदा तेवढा आधी काढून झाला होता, त्यातले निवडक कांदे तिनं दुरडीत घालून ठेवले. गावच्या बाकी लोकांनी आपला कांदा चाकणच्या बाजारात घातला आणि मोकळे झाले. बियाला कांदा मागं ठेवायची सवयच कुणाला नव्हती, गवराबाई होती ना! आता त्या बियाचा जीव उरला तो त्या एका दुरडीत.

ज्योतीरामाला नोकरी लागली. भांडून मिळवली आम्ही ती, आणि त्याची मला आजही लाज नाही. वस्ती गेली म्हणून घर निर्वासितांच्या कॅम्पाच्या अलीकडच्या पत्र्याच्या चाळीत आलं. एक खोली, पुढं वीतभर ओटा. दुरडी आढ्याला टांगली गेली.

"आये, लई केलंस तू. आता बसून खायाचं," ज्योतीराम म्हणाला. मायेनं म्हणाला. एवढं वाईट वाक्य मी कुठल्या साहेबाच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

बसून काय करायचं? पीठ गिरणीतून यायचं. पाणी नळाला. तिनं झाडू हातात घेतला की शकू तो काढून घ्यायची, "आवं आत्याबाई, मी हाय की." शकू वाईट पोर नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडण तरी झालं असतं. ज्योतीरामाची रात्रपाळी असली की तो दिवसा झोपायचा. खोली एकच, म्हणून म्हातारीनं बाहेर बसायचं, खोकला आला तरी तोंडावर पदर धरायचा. गेलो की दिसायची, उंबऱ्यावर. मी विचारायचो, "काय चाललंय मावशी?" ती म्हणायची, "माझं काय चालायचं? दिस चाललाय." दिवसातून एकदा तेवढी ती दुरडी खाली काढायची, कांदे परतायची, नासका दिसला तर बाजूला करायची. त्या वेळी तिचे हात बघावेत. एरवी मांडीवर मेल्यासारखे पडलेले ते हात दुरडीत गेले की तरणे व्हायचे.

आश्विनात सयाजी आला. राहटणीचा, मालोजीचा चुलतभाऊ. पत्ता विचारत विचारत, गाडगं घेऊन.

"वैनी, तुमचं घर हुडकता हुडकता चपल झिजली माझी."

"औंदा बी न्हाई, भावजी. ट्रकाखाली गेलं."

"मग?"

"म्होरल्या सालाला या. घिऊनच जावा."

तिनं शब्द दिला आणि त्या शब्दावर ती उठून बसली. कार्तिक तोंडावर. जमीन पाहिजे. एक वाफाच, पण चैत्रापर्यंत पाणी मिळेल असा.

"मंजुळाकडं धाड की कांदं," ज्योतीराम म्हणाला. "हीर हाय त्यांच्यात."

"लेकीच्या घरी बी जात न्हाई."

"मग सयाजीकाकाकडं."

"भावकीत गेलेलं परत येतंय व्हय रं?"

मी चिडलो. "मावशी, जमीन गेली, वस्ती गेली, आणि तू अजून रीत धरून बसलीस?"

"तू साहेबापुढं वाकतोस का?"

"नाही."

"मग मला वाकाया शिकवू नगं, पुढारी."

पुढारी हे ती मला चिडवून म्हणायची. पण त्या दिवशी चिडवणं नव्हतं.

शेवटी चाळीच्या नळापाशी जागा निघाली. धुण्याच्या दगडाचं पाणी जिथून वाहून जायचं तिथं एक निरुंद पट्टा मोकळा होता. मालक म्हणाला, "पावसाळ्याच्या आत मोकळा करून द्यायचा, तिथं मला खोल्या काढायच्यात." मी आवाज चढवला तर तो म्हणाला, "ओरडा की. जागा माझी आहे." खरंच होतं, त्याचीच होती.

म्हातारीनं नदीकाठचा गाळ डोक्यावरच्या पाटीतून वाहून आणला. चाळीतल्या बाया नळावर उभ्या राहून बघायच्या. कौशल्याबाई म्हणून एक होती, मोगलाईतून आलेली, तोंडाची सैल. "काय करायलाव ओ मावशी? बंगल्याफुडं बाग लावायलाव का? मग जरा शेवंती तरी लावा, आमाला येणीत घालाया!"

"तुज्या येणीत कांद्याचा गोंडा घालते, थांब. नवरा जवळ येनार न्हाई."

"तसंबी कुटं यायलाय!" कौशल्याबाई म्हणाली, आणि नळावर हसू फुटलं. गवराबाई हसली, ते मी त्या चाळीत पहिल्यांदा पाहिलं.

लावायच्या दिवशी तिनं एकेका कांद्याचा वरचा भाग कापला. आत एक डोळा असला तर लावायचा, दोन असले तर बाजूला. कापलेले शेंडे शकूनं फोडणीला नेले. "आत्याबाई, ह्यो तुमच्या बियाचा पैला नैवेद्य." सासू-सुना दोघी हसल्या. धुण्याचं साबणाचं पाणी आत जाऊ नये म्हणून म्हातारीनं चिखलाचा बांध घातला आणि रोज पहाटे नळाचं पाणी तांब्यातांब्यानं दिलं. थंडीत तिला खोकला असायचा, तोही पळाला. राख धुरळायची, गवत काढायची, शेळी आली तर आख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी शिवी हासडायची. ज्योतीराम पाळीवरून यायचा तो आधी पट्ट्यापाशी थांबायचा. "किती वर आलं गं आये?" आणि ती सांगायची. मायलेकरांना बोलायला विषय झाला होता. जमीन होती तेव्हा हे असंच बोलणं त्यांच्यात व्हायचं, दुसरं कसलं? प्रेम प्रेम म्हणून कुणी बोलत नाही आमच्यात, पिकाबद्दल बोलतात.

माघात डेंगळे गुडघ्याच्या वर आले. टोकाला टोप्या, मिटलेल्या. आणि शकूला दिवस गेलेले, पोट दिसायला लागलेलं.

त्या दिवशी मी ज्योतीरामाकडं चहाला बसलो होतो. गवराबाई नवं लुगडं नेसून आत आली. शकूपुढं उभी राहिली.

"पोरी, टोप्या उघडायला आल्या. पदर पसर. घेते म्हन."

शकू उठली नाही. तिनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"आत्याबाई, रागावू नगा. मला भ्या वाटतं."

"कशाचं गं?"

"ह्ये बी एकच साल जगतंय ना? म्होरल्या सालाला लावाया जागा न्हाई. मालक हितं खोल्या बांधनार. माझ्या ओटीत येऊन त्ये मेलं तर?" तिनं पोटावर हात ठेवला. "आन मी ही अशी."

ज्योतीरामाला वाटलं आपण काहीतरी बोलावं. म्हणाला, "आये, बाजारात शेरावर मिळतंय की कांद्याचं बी."

"तू गप रे!" मी ओरडलो. पण मोर्चा कुणावर काढायचा? त्या पोरीच्या भीतीवर?

गवराबाई तिच्याजवळ खाली टेकली. मग शकूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "खरं हाय, पोरी. मलाच सुधरलं न्हाई. मरनारं ओटीत घिऊ नये."

दुसऱ्या दिवशी ती मला गाठायला संघटनेच्या खोलीवर आली. एकटी, चालत.

"पुढारी, चाकनला जातोस का?"

"बाजारातल्या हमालांची बैठक आहे, जाणार आहे."

"मला ने."

"मंजुळाकडं?" तिनं मानेनंच हो म्हटलं. ज्या रीतीसाठी लेकीला रडवलं, भावकीला नाही म्हटलं, ती रीत मोडायला म्हातारी निघाली होती.  भोसरीपर्यंत आम्ही पायी गेलो, तिथून नाशिकच्या रस्त्याची यष्टी धरली. सबंध वाटेत तिनं पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

मंजुळाचं घर रानात, आईच्या जुन्या वस्तीसारखंच. विहिरीच्या कडेला हिरवेगार कांद्याचे वाफे. आणि वाफ्यांच्या पलीकडं, उन्हाला तोंड करून, डेंगळे उभे. आमच्या नळाजवळच्यांपेक्षा उंच. गवराबाईच्या पावलांचा वेग तिथंच कमी झाला. तिला कळलं होतं. तरी ती बोलली. बोलायला आली होती, बोलली.

"मंजे, माझं बी घे. रीत ऱ्हाऊ दे. तू घे."

मंजुळा तिच्यासारखीच उंच, तिच्यासारखीच तोडून बोलणारी. पाण्याचा तांब्या आईपुढं ठेवून म्हणाली, "आये, माझ्या सासूनं मरताना तिच्या घरचं बी माझ्या ओटीत घातलंय. त्येच त्ये."

"त्याच्या बाजूला एक वाफा माझा."

"तूच सांगितलंस ना मला, ल्हानपनी? एका रानात दोन घरांचं डेंगळं उभं करू नये. माश्या फिरत्यात. दोन्ही बी बाटतं. तुझं लावलं तर तुझं बी तुझं ऱ्हानार न्हाई आन सासूचं सासूचं ऱ्हानार न्हाई."

गवराबाईनं मान वळवून पुन्हा त्या डेंगळ्यांकडं बघितलं.

"त्या दिवाळसनाला दिलं असतंस..." मंजुळा बोलता बोलता थांबली. मग खाली बसली, आईचे पाय चेपायला लागली. "जाऊ दे. आये, तू ऱ्हा हितं. बी ऱ्हाऊ दे. तू ऱ्हा माझ्यात."

"लेकीच्या दारात किती दिस ऱ्हायाचं गं?"

"मग जोत्याच्या दारात तरी काय करतीस?"

 जेवून आम्ही निघालो. मंजुळा रस्त्यापर्यंत आली, यष्टी हलेपर्यंत उभी राहिली. गवराबाई खिडकीतून बघत होती. भोसरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तिचं डेंगळं लई चांगलं हाईत रं. माझ्यापरीस चांगलं."

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी मला जेवायचं बोलावणं आलं. चाळीत शिरलो तर नळापाशी कौशल्याबाई धुणं घेऊन बसलेली, पण आज तिचं तोंड चालत नव्हतं. तिनं नुसतं मानेनं पट्ट्याकडं दाखवलं. डेंगळे बुडापासून कापलेले. खाली कांद्याचे थोटके गड्डे, त्यांच्या तोंडाशी पाणी साचलेलं.

आत चूल पेटलेली आणि चुलीपुढं गवराबाई. शकूला तिनं उठू दिलं नव्हतं. परातीत भाकरी थापत होती, थपथप, पूर्वी थापत असेल तशी. ज्योतीराम पाट मांडून बसलेला, खुशीत.

"या राव! आज आयेनं सोता चूल धरलीय. काय वास सुटलाय बघा!"

डेंगळ्याची भाजी होती, हरभऱ्याची डाळ घालून. टोप्या उघडायच्या आतला कोवळा डेंगळा. आमच्या पलीकडच्या गावांत लोक आवडीनं खातात म्हणे. बियाचं घर असलेल्या बायका मात्र तो कधी चिरत नाहीत.

शकूनं घास हातात घेतला आणि ताटाकडं बघितलं. तिला कळलं. तिचा हात तसाच राहिला.

"खा पोरी," गवराबाई म्हणाली. "दोन जिवाची हाईस. खाल्लेलं मरत न्हाई. अंगी लागतं."

"आत्याबाई..."

"थंड झाली की कडू लागती. खा म्हनते ना!"

ज्योतीराम बोटं चाटत होता. "आये, झ्याक झालीय. लई दिसांनी समदी एका ठिकानी जेवतोय बघ. उद्या परत कर."

"संपली," ती म्हणाली.

मी जेवलो. अन्नाला नाही म्हणायची सवय मला नाही, आणि तिनं वाढलेलं टाकायची हिंमतही नव्हती. मला राग आला होता, तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. ट्रकवाल्यावर काढावा तर तो केव्हाच दुसऱ्या कामावर गेला. शकूवर, मंजुळावर, कुणावर काढायचा? दोघींनी खरं तेच सांगितलं होतं. भाजी चवीला चांगली होती, हेच सहन होईना.

ज्येष्ठात शकूला मुलगा झाला. तोवर नळापाशी मालकाच्या विटा पडल्या होत्या. सगळे म्हणाले, "बरं झालं, म्हातारीला विरंगुळा आला." विरंगुळा! हा शब्द ज्यानं काढला त्याला मी शोधतोय. पोर रडलं की शकूकडं, भुकेलं की शकूकडं. गवराबाईच्या मांडीवर ते झोपायला येतं. ती त्याला नीट धरते, सांभाळून, शेजारणीचं धरावं तसं. त्याच्या बापाला काय खायला घालायचं ते कारखाना बघतो, त्याला काय घालायचं ते त्याची आई बघते. तिच्याकडून त्याला द्यायचं होतं ते एकच होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून जेवून टाकलं.

आश्विनात सयाजी आला. मी तिथंच होतो, ज्योतीरामाच्या पाळीच्या तक्रारीसाठी. सयाजीच्या हातात धुतलेलं गाडगं.

"वैनी, आलो बगा. म्होरल्या सालाला या म्हनला व्हता."

गवराबाई उंबऱ्यावर, मांडीवर पोर. तिनं वर बघितलं.

"कोन पायजे?"

"आवं, मी सयाजी. बी न्यायला आलोय."

"बी देनारी हितं ऱ्हात न्हाई."

त्याला थट्टा वाटली. तो मोठ्यानं हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून थांबला, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आयुष्यात फार कमी वेळा घातली आहे.

शकू आतून आली. भांडं रिकामं परत पाठवू नये म्हणून तिनं गाडगं उचलून आत नेलं, त्यात मूठभर गूळ घातला आणि डोळे वर न करता त्याच्या हातात दिलं. सयाजी "येतो वैनी" म्हणाला. वैनीनं ऐकलं की नाही कोण जाणे. तो विटांच्या ढिगाला वळसा घालून गेला.

गवराबाईचा हात पोराला थोपटत होता. पोर कधीच झोपलं होतं. हात चाललाच होता.